तो मळ नाही

गेल्या महिन्यात या सदरातून ‘वजन, खाणं आणि कातडी’ या विषयावर पत्रं मागवली होती. पत्रं भरपूर आली आणि जवळजवळ सगळी निनावी. टाचेच्या भेगांबद्दल लिहिताना लोक पूर्ण नाव, पत्ता, पिनकोड देतात. मान, काख आणि जांघ आली की नाव गळून पडतं. यावेळी सहा पत्रं घेते.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. वय १३, उंची १५० सेंटिमीटर, वजन ६८ किलो. वर्षभरापासून तिची मान मागच्या बाजूनं काळी पडत चालली आहे. काखाही तशाच. रोज अंघोळीला मी स्वतः घासून देते. बेसन, दही, लिंबू, खायचा सोडा, सगळं झालं. सासूबाई म्हणतात, पोरीला अंगच घासता येत नाही. आता गॅदरिंगच्या नाचात तिचं नाव आहे, ब्लाउज मागून खोल गळ्याचा आहे, आणि ती नाचायलाच नाही म्हणते. कोणतं क्रीम लावू?
— एक आई, सक्करदरा

उत्तर : ताई, आधी घासणं थांबवा. मग पुढचं वाचा.

मी नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात वाढले. नरकचतुर्दशीला पहाटे उटणं लागायचं आणि उटण्यानंतर माझी मान आत्याच्या ताब्यात जायची. तिच्या हातात काथ्याची घासणी असे आणि घासणीनं भागलं नाही तर पायाची वजरी. एका वर्षी तिनं इतकं घासलं की खपली धरली आणि दिवाळीचं नवं कोरं झंपर त्या खपलीला चिकटलं. आत्या दुष्ट नव्हती. मला सर्वांत जास्त चकल्या तीच द्यायची. तिला एवढंच माहीत होतं की काळं दिसतं ते मळ असतं. पुढे मेडिकलला शिकताना सरांनी पडद्यावर एक स्लाइड लावली, कोणाची तरी मान, आणि मी वर्गात हळूच ओढणी वर घेतली. त्या काळेपणाला नाव होतं, ॲकॅन्थोसिस निग्रिकन्स. वीस वर्षांची होईपर्यंत मला कोणी सांगितलं नव्हतं की तो मळ नाही.

तर हा मळ नाही. सासूबाईंना खात्री करायची असेल तर स्पिरिटचा बोळा एकदा हलक्या हातानं फिरवून दाखवा. मळ असेल तर बोळ्यावर येईल. हे येणार नाही, कारण इथं कातडीवर काही बसलेलंच नाही, कातडीच जाड झाली आहे. बोट फिरवलंत तर मखमलीसारखं लागेल. जाड, घड्या पडलेली कातडी काळपट दिसते.

ती जाड का होते? आपण खाल्लं की रक्तात साखर येते आणि ती पेशींच्या आत पोचवायला स्वादुपिंड इन्शुलिन सोडतं. वजन वाढलं, विशेषतः पोटाभोवती, की पेशी इन्शुलिनचं ऐकेनाशा होतात. मग स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडतं, त्याच्यावर आणखी. साखर नॉर्मल राहते, रिपोर्ट चांगला येतो, घरचे निर्धास्त होतात. पण रक्तात फिरणारं हे जादा इन्शुलिन कातडीच्या पेशींवरची दुसरी दारं ठोठावतं, वाढीच्या संप्रेरकांसाठी असलेली, आणि त्या पेशी भराभर वाढू लागतात. मान, काख, जांघ, जिथं घडी आणि घर्षण आहे तिथं आधी. तुम्ही घासता म्हणजे घर्षणात भरच घालता. लिंबू आणि सोड्यानं कातडी भाजते आणि भाजल्याचा डाग वेगळा पडतो.

म्हणून क्रीमच्या आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा. उपाशीपोटी साखर, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी), कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइड, यकृताची एसजीपीटी, आणि रक्तदाब. पाळी सुरू झाली असेल आणि दोन-दोन, तीन-तीन महिने येत नसेल, हनुवटीवर राठ केस असतील, तर तेही सांगा. इन्शुलिनची पातळी मोजायची महागडी तपासणी कोणी लिहून दिली तर कशासाठी, ते विचारा. मान बघूनच बहुतेक वेळा कळतं. तिचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, काढला तर ३०च्या वर जातो. मोठ्या माणसांना आपल्याकडे २५ला लठ्ठपणा धरतात, पण मुलांचा आकडा वयाच्या तक्त्यावर बघावा लागतो, ते काम डॉक्टरांचं.

वजनाबद्दल एकच मागणं. तिच्या एकटीच्या ताटातली पोळी काढू नका. घरात सगळे संध्याकाळी सामोसे खाणार आणि तिच्यापुढे काकडी, असं केलंत तर ती सामोसा शाळेत खाईल. अशा गोष्टी घरात येणंच कमी करा. ६०० मिलिलिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत साधारण ६० ग्रॅम साखर असते, म्हणजे बारा चमचे. चहा-बिस्किटं, टोस्ट, बाहेरचा ज्यूस यांचा हिशेब वेगळा. वाढत्या वयाच्या पोरीला दरवेळी किलो उतरवायची गरजही नसते. उंची वाढत असताना वजन आहे तिथं धरून ठेवलं तरी पुष्कळ साधतं. इन्शुलिन खाली आलं की मान हळूहळू उजळते. महिने लागतात. तोवर युरिया किंवा लॅक्टिक ॲसिडचं मलम, लागलं तर रेटिनॉइड, त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानं. गोरं करणारी क्रीमं अजिबात नको.

हेच चित्र चाळिशी-पन्नाशीनंतरच्या सडपातळ माणसात अचानक दिसलं, भराभर पसरलं, ओठांवर-तळहातांवर आलं, सोबत वजन घटत असलं, तर मात्र गोष्ट निराळी. क्वचित ती पोटाच्या कर्करोगाची चाहूल असते. तिथं एंडोस्कोपीला वेळ लावायचा नाही. तुमच्या मुलीचा त्याच्याशी संबंध नाही.

मी स्वतः काय केलं? स्लाइड बघूनही पुढची तीस वर्षं काही केलं नाही, आणि बावन्नाव्या वर्षी मला मधुमेह निघाला. पोट्टीला नाचू द्या. ब्लाउजचा गळा मागून वर घ्यायला शिंप्याला अर्धा तास लागतो.

प्रश्न : मॅडम, वय ३४, वजन ९६. गांधीबागेत कापडाच्या दुकानात दिवसभर गादीवर बसून काम. मागच्या उन्हाळ्यापासून जांघेत खाज येऊन राहिली. मेडिकल स्टोअरवाल्यानं ट्यूब दिली, दोन दिवसांत आराम पडला. बंद केली की दुप्पट. आता कंबरेपर्यंत चट्टे गेले आणि मांडीवर लाल-जांभळे फाटल्यासारखे पट्टे आले. बायकोलाही सुरू झालं. वजन कमी केलं तर जाईल काय?
— गांधीबाग

उत्तर : भाऊ, नुसतं वजन उतरवून हे जाणार नाही. आधी बुरशी मारावी लागेल, वजनाचं नंतर बोलू.

तुमच्या ट्यूबवर बारीक अक्षरात तीन-चार नावं असतील. त्यात क्लोबेटॅसॉल किंवा बीटामेथासोन दिसलं तर ते स्टिरॉइड. ते लालपणा आणि खाज दाबतं, म्हणून दोन दिवसांत आराम. पण कातडीची बुरशीशी लढायची ताकदही तेच दाबतं. वरून सगळं शांत, खाली गजकर्ण मजेत पसरतंय. आणि मांडीवरचे फाटल्यासारखे पट्टे लठ्ठपणाचे म्हणून सोडून देऊ नका; जांघेत महिनोन्‌महिने स्टिरॉइड लावल्यानं कातडी पातळ होऊन असे पट्टे पडतात. रंग फिका होईल, पट्टे राहतील. २०१८ साली सरकारनं स्टिरॉइडची बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तरी ती मिळतात. नुसत्या दुकानदाराला दोष देऊन मला मोकळं होता येणार नाही, चिठ्ठीवर लिहून देणारे आमच्यातही आहेत.

शिवाय बुरशीही पूर्वीची राहिली नाही. आपल्याकडच्या हट्टी गजकर्णामागे जी बुरशी सापडते तिला २०२० मध्ये वेगळं नाव मिळालं, ट्रायकोफायटन इंडोटिनी. नावातच हिंदुस्थान. टर्बिनाफिनच्या गोळीला ती पुष्कळदा दाद देत नाही. त्यामुळे शेजाऱ्याची चिठ्ठी तुम्हाला चालेलच असं नाही. डॉक्टर बहुधा इट्राकोनॅझोल देतील. ती कॅप्सूल पोटात ॲसिड असलं तरच नीट शोषली जाते, म्हणून जेवणानंतर घ्यायची. सकाळी तर्री पोहे हाणून वर ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्यांनी ती सवय डॉक्टरांना सांगावी. हृदयाचा किंवा लिव्हरचा त्रास असेल तर तेही आधीच. चट्टे दिसेनासे झाले तरी सांगितलेल्या दिवसापर्यंत औषध सोडायचं नाही, आणि वहिनींचं औषध तुमच्यासोबतच सुरू व्हायला हवं. एक बरा, एक आजारी, असं केलंत तर ते घरातल्या घरात फिरत राहील.

आता वजनाचा भाग. पोटाची घडी आणि दोन मांड्यांमधली जागा, इथं वारा पोचत नाही. नवतप्यात बाहेर ४५-४६ अंश असतं ते कोरडं असतं, पण तुम्ही कूलरसमोर बसता. कूलर गार हवेबरोबर दमटपणाही देतो, घाम वाळत नाही आणि घडी दिवसभर ओली राहते. वर जीन्स. बुरशीला यापेक्षा जास्त काय पाहिजे! सुती, सैल पँट घाला. अंघोळीनंतर घडीत बोटं घालून टॉवेलनं टिपा, पुसू नका. टॉवेल स्वतःचा वेगळा. कपडे उन्हात उलटे करून वाळवा. उन्हाची आपल्याला कमी नाही.

आणि करदोडा काढा. माझ्या ओपीडीत यावरून जेवढे वाद झाले तेवढे पथ्यावरून झाले नाहीत. तो काळा दोरा दिवसभर घाम पितो आणि रात्रभर ओला राहतो. चट्ट्यांची रेघ बरोबर त्याच्याखाली निघते. कोणाच्या श्रद्धेला मी हात लावत नाही. बरे झालात की नवा बांधा.

रक्तातली साखरही एकदा तपासून घ्या. तुमच्या पत्रात कंबर लिहिलेली नाही. पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या वर गेली की आम्ही सावध होतो, बायकांत ८०.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय ६१. काटोलकडे स्वतःचा संत्र्याचा बाग आहे. मृगबहाराची फळं निघाल्यापासून तळहात आणि तळपाय पिवळे झाले आहेत. मंडळी म्हणतात कावीळ. एका ठिकाणी नेऊन गळ्यात कावीळ उतरवायची माळ घालून आणली. भूक, झोप उत्तम आहे.
— काटोल

उत्तर : सर, आरशासमोर उभे राहून खालची पापणी ओढा. डोळ्यांचा पांढरा भाग पांढरा असेल आणि लघवी नेहमीसारखी असेल तर ही कावीळ नाही. कावीळ डोळ्यांना सोडत नाही. संत्र्यात कॅरोटीन जातीचे रंग असतात. ते फार झाले की जाड कातडीत साठतात, म्हणून तळहात-तळपाय. गाजर, पपई, लाल भोपळा यांनीही असंच होतं. धोका नाही. संत्री कमी केली की काही आठवड्यांत रंग उतरेल, माळ असो वा नसो.

दिवसाला किती, हे तुम्ही शिताफीनं लिहिलेलं नाही. बागवाल्या घरातलं प्रमाण मला माहीत आहे, डझनाच्या खाली नसावं. एका मध्यम संत्र्यात दहा-बारा ग्रॅम साखर धरा आणि गुणाकार तुम्हीच करा, शिक्षक आहात. मधुमेहात आणि थायरॉइड मंद असताना हा पिवळेपणा लवकर येतो, म्हणून साखर आणि थायरॉइडची टीएसएच तपासणी दोन्ही करून घ्या. यकृताच्या तपासणीनं घरच्यांचं समाधान होत असेल तर तीही करा.

प्रश्न : मानेवर आणि काखेत पंधरा-वीस बारीक लोंबत्या चामखिळी आहेत. घोड्याच्या शेपटीचा केस बांधला की गळून पडतात म्हणतात. बांधू का?
— कामठी

उत्तर : गळून पडतात, हे खरं. रक्त बंद झालं की पडणारच. पण पिकल्या तर ती जखम मी महिनाभर धुते, आणि मधुमेह असला तर दोन महिने. डॉक्टरांकडे सुन्न करून विजेच्या सुईनं पाच मिनिटांत निघतात. जाण्याआधी उपाशीपोटी रक्त साखरेच्या तपासणीला द्या. अशा खूप चामखिळी आणि वाढलेलं पोट बरोबर असतील तर पहिल्या पत्रातली इन्शुलिनची गोष्ट तुम्हालाही लागू आहे. घोड्याला राहू द्या.

प्रश्न : वय २९, वजन ८४, शाळेत शिकवते. चार वर्षांपासून काखमांजरी होते. तीनदा चिरा देऊन पू काढला. एक भरली की शेजारी दुसरी, आता जांघेतही. आंबे, सावजी, अंडी, सगळं ‘उष्ण’ म्हणून बंद केलं आहे. स्वच्छतेत काही कमी पडतं का? फळ्यावर लिहायला हात वर करायला लाज वाटते, ब्लाउजला डाग पडतात.
— नागपूर

उत्तर : नाही. स्वच्छतेत काहीही कमी पडत नाही, हे वाक्य कापून सासरी-माहेरी दोन्हीकडे दाखवा. आणि हे कोणाला लागतही नाही.

एखादी काखमांजरी कोणालाही होते. त्याच जागी वर्षानुवर्षं, दोन्ही काखांत, मग जांघेत, आणि मधे कातडीखाली दोरीसारखा कडक बोगदा हाताला लागतो, तेव्हा ती साधी गळवं नसतात. या आजाराचं नाव हायड्राडेनायटिस सपुराटिव्हा. केसाचं मूळ बुजतं, आतल्या आत फुटतं आणि शरीर त्यावर नको इतकं चवताळतं. चिरा दिल्यानं त्या दिवशीचं ठणकणं थांबतं, बोगदा तसाच राहतो. निदान व्हायला जगभरातच सरासरी सातेक वर्षं जातात, त्या मानानं तुम्ही लवकर लिहिलंत. माझ्याकडे एक बाई अकरा वर्षांनी आल्या होत्या, चिरांची सगळी बिलं फाइलला लावून.

सर्जनऐवजी आधी त्वचारोगतज्ज्ञ गाठा. सुरुवातीला काही महिने डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळ्या, वरून क्लिंडामायसिन. जास्त असेल तर अडालिमुमॅबची इंजेक्शनं, ती महाग असतात, पण भारतीय कंपन्यांची आल्यापासून थोडी आवाक्यात आली आहेत. आणि जुने बोगदे उघडून साफ करायची शस्त्रक्रिया, जी नुसत्या चिरेपेक्षा वेगळी. काखेत रेझर आणि वॅक्सिंग बंद. वजन कमी झाल्यानं पुष्कळांचा त्रास घटतो, कारण घासणं कमी होतं आणि अंगातली धुसफूस कमी होते. पण वजन उतरेपर्यंत औषध थांबवायचं नाही. उलट, दुखत असताना चालायला जा म्हणणाऱ्याला काख दाखवावी. घरात कोणी सिगरेट ओढत असेल, तुम्ही स्वतः ओढत असाल, तर ती बंद. या आजाराचं आणि तिचं फार जुळतं.

आंबा आणि अंडी परत सुरू करा. अंडी तर नक्कीच.

प्रश्न : वय २६. वैशाखात लग्न झालं. त्याआधी दोन महिन्यांत ७१ वरून ६० किलोवर आले, जिममधल्या सरांनी दिलेल्या पातळ डाएटवर. सगळ्यांनी कौतुक केलं. आता केस मुठीनं गळत आहेत, अंघोळीला जाळी तुंबते. बायोटिन घेते आहे. हातावर-पाठीवर मऊ लव आली आहे. उजव्या हाताच्या बोटांच्या सांध्यांवरची कातडी जाड होऊन तिथं खुणा पडल्या आहेत, त्यावरही क्रीम सांगा. वजन परत वाढू द्यायचं नाही.
— मनीषनगर

उत्तर : केसांचं आधी सांगते, ते सोपं आहे. रोज शंभरेक केस सगळ्यांचेच जातात. शरीराला उपास घडला की ते केसांचा खर्च पहिला बंद करतं, पण केस लगेच पडत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी पडतात. म्हणून मांडवात केस शाबूत होते आणि आता जाळी तुंबते. पोटभर खाणं सुरू झालं की सहा महिन्यांत बहुतेक भरून येतात, टक्कल पडत नाही. हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासा. बायोटिनचे मोठे डोस थायरॉइडचा रिपोर्ट चुकवतात, म्हणून तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी ते बंद ठेवा आणि लॅबला सांगा. रक्त कमी निघालं तर लोहाच्या गोळ्यांआधी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करून घ्या, आपल्या विदर्भात हे विसरायचं नसतं. प्रथिनं रोज ५०-६० ग्रॅम हवीत. एका अंड्यात सहा, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात. पातळ डाएटवर हा हिशेब कसा बसणार होता?

आता ती लव आणि बोटांवरच्या खुणा. पत्रात तुम्ही त्या शेवटी, जाता जाता लिहिल्या आहेत. मी त्या दोनदा वाचल्या. खाल्लेलं मुद्दाम बाहेर काढताना बोटांचे सांधे दातांवर घासले की तिथं अशा खुणा पडतात. जेराल्ड रसेल या मनोविकारतज्ज्ञानं १९७९ मध्ये त्या नोंदवल्या, आणि आम्ही त्या ओळखायला शिकलो. माझा अंदाज चुकीचा असेल तर मला खडसावून लिहा. बरोबर असेल तर मी रागावलेली नाही आणि तुमच्या घरी काही कळवणार नाही. तुमच्या वयात मला कोणी अकरा किलो उतरवून दिले असते तर मीही काय वाट्टेल ते केलं असतं.

बोटांना क्रीम आज सांगत नाही. हा मनाचा आजार आहे, औषध आणि बोलणं दोन्हींनी बरा होतो, आणि तो मानसोपचारतज्ज्ञ बघतात. आजच कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेलि-मानस, १४४१६, फुकट, रात्रंदिवस, मराठीतही. नवऱ्याला सांगायचं की नाही ते नंतर ठरवा. पण उद्या रक्त द्यायला जाल तेव्हा चिठ्ठीवर पोटॅशियमही लिहून घ्या. वारंवार उलट्यांनी ते घसरतं आणि त्याचा फटका हृदयाच्या ठोक्यांना बसतो. चक्कर आली, छातीत धडधडलं, तर रिपोर्टची वाट न बघता सरळ कॅज्युअल्टी गाठा. आणि मला पुन्हा लिहा, नाव घालू नका, नुसतं ‘मनीषनगर’ लिहिलंत तरी कळेल.